हळद लागलेला ढब्बू

कल्याण वाईट माणूस होता असं कुणी म्हणायचं काम नाही. दारू नाही, पत्ते नाहीत, कुणाच्या भानगडीत नाही. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडाच्या एका कारखान्याबाहेर ट्रकचा वजनकाटा आहे. तिथल्या केबिनमध्ये बसून भंगाराचे ट्रक मोजायचे, पावती फाडायची आणि संध्याकाळी सरळ घर गाठायचं. मूळचा केदारखेड्याचा. बायको शीतल जाफराबादची, घरी ब्लाउज शिवायची. असा हा सरळ गडी खेळण्यांच्या नादाला लागला, आणि लागला तो असा लागला की विचारू नका.

खेळणं म्हणजे ढब्बू. पुण्याच्या ‘उचापत’ नावाच्या कंपनीनं काढलेला. वीतभर उंच, मऊ रबरी अंग, सुटलेलं पोट, एकच दात आणि डोक्यावर दोन शिंगं. लहान पोरांसाठी नाहीच तो मुळी. चांगली कमावती, दाढीमिशीवाली माणसं तो विकत घेतात आणि फडताळात मांडून ठेवतात. विकायची तऱ्हाही उलटीच. डबा चहूबाजूंनी बंद, आत कोणत्या रंगाचा ढब्बू निघेल ते ज्याच्या त्याच्या नशिबावर. आणि ह्या शौकिनांचा पहिला नियम काय, तर डबा उघडला की किंमत गेली. घ्यायचा, पण उघडायचा नाही. आता ह्याला काय म्हणावं!

कल्याणनं पहिला डबा आणला तेव्हा त्याला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. शीतलला सातवा महिना होता. मुलगाच होणार असं दोघांनी आपलं आपणच ठरवून टाकलं होतं, आणि नावही ठरवलं होतं. राघू. हे नाव दोघांपलीकडे कुणालाच माहीत नव्हतं. त्या राघूसाठी बापानं हौसेनं ढब्बूचा डबा आणून फडताळात ठेवला. आठव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं. शीतल दवाखान्यातून रिकाम्या हातानं घरी आली तेव्हा डबा तिथंच होता. तो उघडायची हिंमत दोघांनाही झाली नाही, आणि राघूचं नाव त्या घरात परत कुणी काढलं नाही.

मग कल्याणनं दुसरा डबा आणला. मग तिसरा. शीतलनं एका शब्दानं विचारलं नाही. तिला वाटलं, ह्या माणसाला रडता येत नाही, तर असं करून राह्यलाय. करू द्यावं.

सुरुवातीला तिचं खरंही होतं. पण पुढं वर्षं सरली तसा त्यात राघू राहिला नाही, नुसते डबे राहिले.

जालन्यात ढब्बूवाल्यांचं एक मंडळ होतं. ते स्वतःला ‘उचापती’ म्हणवून घ्यायचे. मोबाईलवर ग्रुप आणि अधूनमधून कुणाच्या तरी घरी बैठक. म्होरक्या राधेश्याम, बियाण्याच्या मोठ्या दुकानाचा मालक. त्याच्याशी कायम उभा दावा मांडलेली प्रियदर्शनी, दातांची डॉक्टर. कंपनीनं शब्द दिला होता की पांढरा ढब्बू एकदाच निघेल, परत कधी म्हणजे कधी नाही. आणि आता दुसरी खेप निघणार अशी बातमी फुटली होती. झालं, ग्रुपवर लागली आग.

“ही कंपनी नाही, उल्लू बनवायचा कारखाना आहे,” प्रियदर्शनी लिहायची. “आणि तुम्ही लोक रांगेत उभे राहून बनताय.”

“ज्याला कंपनीवर भरोसा न्हाई त्यानं ढब्बू घरात ठेवूच नये,” राधेश्यामचं उत्तर यायचं. “खरा उचापती कंपनीला जाब विचारत नसतो.”

तिथून गाडी एकमेकांच्या अकलेवर, अकलेवरून आईबापांवर. शिकलीसवरली माणसं एका रबरी बाहुल्यापायी एकमेकांची अब्रू चव्हाट्यावर आणायची आणि सकाळी परत ‘शुभ प्रभात’ टाकायची.

कल्याण राधेश्यामच्या पक्षाचा. पण त्यानं कंपनीच्या बाजूनं एक ओळ लिहिली की डॉक्टरीणबाई विचारायची, “काय काटेवाले, तुमचा ढब्बू ट्रकच्या काट्यावरच मोजता का?” आणि ज्याची बाजू घेतली तो राधेश्यामच सगळ्यांत आधी हसायचा. तरी कल्याण रोज लिहायचा. दिवसभर केबिनमध्ये एकट्यानं बसणाऱ्या माणसाला एवढंच हवं होतं, की ह्या लोकांनी आपल्याला आपल्यातला म्हणावं. त्याची त्याला भूक लागली होती म्हणा ना.

आणि नेमका त्यालाच पांढरा ढब्बू निघाला! पांढरा वजनाला जड असतो असं मंडळात म्हणायचे. हा डबा हातात जरा जड लागला, म्हणून त्यानं नियम मोडून उघडला, तर आत दुधासारखा पांढरा. जालना जिल्ह्यात दुसरा नव्हता, म्हणून उघडला तरी त्याची किंमत कायम. ग्रुपवर फोटो टाकताच राधेश्यामचा फोन आला, “कल्याणराव, दसऱ्याला बैठक माझ्याकडं. पांढऱ्याला घेऊन या बरं का.” आजवर नुसता ‘कल्याण्या’ असलेला माणूस एका दिवसात कल्याणराव झाला, आणि जेवताना सुद्धा हसायला लागला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. ज्याच्या त्याच्या हत्यारांची पूजा. कल्याण काट्यावर नारळ फोडून घरी आला, तर दारात मोटरसायकलीला झेंडूचा हार, आत शिलाई मशीनला हळदकुंकू, कात्रीला, विळीला, पाट्यावरवंट्याला हळदकुंकू. आणि पाटावर, मशीनच्या शेजारी, पांढरा ढब्बू. कपाळावर आणि पोटावर ओल्या हळदीची बोटं, त्यावर कुंकू.

“हे काय केलंस?”

“खंडेनवमी ना आज,” शीतल म्हणाली. “मशीनला लावलं, गाडीला लावलं. तुमचा एवढा जीव ज्याच्यावर, त्येलाच कसं सोडायचं? डब्यात बसलेल्याला कुंकू लावता येत न्हाई, मंग बाहेर काढला.”

कुंकू निघालं. हळद काही निघेना. साबण झाला, लिंबू झालं, दात घासायची पेस्ट झाली. पिवळेपणा रबरात पार मुरला होता.

“उन्हात ठिवू का?” शीतल घाबरून म्हणाली. “कापडावरची हळद उन्हानं उडती.”

“उन्हात पांढरा पिवळा पडत असतो! अक्कल हाये का तुला?” कल्याण ओरडला. आणि मग जे बोलू नये ते बोलला. “सोताचं लेकरू सांभाळता आलं न्हाई, अन् निघाली माझ्या सामानाला हात लावायला!”

शीतलच्या हातात लिंबाची फोड होती. ती तिनं पाटावर ठेवली आणि आत जाऊन स्वयंपाकाला लागली.

दसऱ्याला कल्याण डबा घेऊन राधेश्यामच्या बंगल्यावर गेला. आपट्याची पानं देऊन झाली, फाफडा-जिलेबी झाली, आणि डबा उघडला.  प्रियदर्शनीनं ढब्बू उलटासुलटा केला आणि म्हणाली, “ह्याला कावीळ झाली का हो?”

अख्खी खोली हसत सुटली. राधेश्यामच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. कुणी म्हणालं काटेवाल्याला पेलवलं नाही, कुणी म्हणालं माकडाच्या हातात दिल्यावर दुसरं काय होणार.  आपण परत ‘कल्याण्या’ होऊन राह्यलो, हे कल्याणला बसल्या जागी कळलं.

“मी न्हाई केलं,” तो म्हणाला. “बायकोनं केलं. पूजा केली त्याची. लेकरू न्हाई ना आम्हाला, तर ती ह्यालाच लेकरू समजती.”

हे खोटं होतं. शीतल असं कधी म्हणाली नव्हती. पण हसणं त्याच्यावरून उठलं आणि तिच्यावर जाऊन बसलं, ते त्याला स्पष्ट दिसलं. तोंड आवरायची वेळ होती. त्यानं उलट तिखटमीठ लावलं. अंघोळ घालती म्हणाला, अंगाई म्हणती म्हणाला. लोक मांडीवर हात मारून हसले, आणि पहिल्यांदा त्याच्यावर नाही, त्याच्याबरोबर हसले.

“अरे, ह्याचा व्हिडिओ पाहिजे!” राधेश्याम उठून बसला. “वहिनी हळद लावून राह्यल्या असा. कंपनीला पाठवू आपण.”

टाइल्सचं दुकान चालवणारा तौफिक तेवढा म्हणाला, “भाई, बस करो. घर की बात है.” त्याचं कोण ऐकतो!

रविवारी मंडळी कल्याणच्या घरी आली. शीतलला वाटलं, नुकसान केलं म्हणून जाब विचारायला आलेत. तिनं पोहे केले, चहा केला, डोक्यावर पदर घेऊन उभी राहिली. कल्याणनं तिला स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं, “परत एकदा पूजा करायची. तशीच. मी व्हिडिओ काढतो.”

“त्यानं मी केलेलं नुकसान भरून निघंल का?”

“बिलकुल निघंल.”

मग तिनं केलं. पाटावर ढब्बू, हातात हळदकुंकवाचं ताट. समोर मोबाईल धरून नवरा, मागं ओठ चावून बसलेली माणसं. तिनं हळद लावली, कुंकू लावलं, ओवाळलं. तेवढ्यात राधेश्याम मागून म्हणाला, “वहिनी, लेकराचं नाव काय ठिवलं?”

शीतलनं कल्याणकडं पाहिलं. ही माणसं असं का विचारतायत, ह्यांना काय सांगितलंय, हे तिला काहीच कळेना. नवऱ्यानं मोबाईल खाली घेतला असता तरी निभावलं असतं. त्यानं घेतला नाही. मान हलवून खुणेनं म्हणाला, सांग की.

“राघू,” शीतल म्हणाली.

खोलीत हशा उसळला. राघू म्हणजे कोण, हे तिथं दोघांनाच ठाऊक होतं. त्यातली एक खाली मान घालून ताट उचलत होती. दुसऱ्यानं व्हिडिओ नीट आला का ते तपासलं आणि ग्रुपवर टाकला.

जे वर्षभरात झालं नव्हतं ते एका दुपारी झालं. मंडळातलं भांडण मिटलं. “कंपनी चोर असेल,” प्रियदर्शनीनं लिहिलं, “पण वहिनी एक नंबर!” राधेश्यामनं तिला हात जोडल्याचं चित्र पाठवलं. व्हिडिओ पुण्याला गेला, तिथून कुठं कुठं गेला, आणि त्याखाली लोक लिहायला लागले. ‘वहिनी, पाळणा कधी घेताय?’ ‘दात एकच हाये, खिमट भरवा.’ फिरत फिरत तो केदारखेड्यालाही पोचला. जाऊबाई दैवशालानं मुद्दाम फोन केला, “काय गं शीतल, बारसं परस्पर उरकलं व्हय? आम्हाला बोलवायचं तरी!” गल्लीतल्या बाया ब्लाउजचं माप द्यायच्या निमित्तानं यायच्या आणि फडताळाकडं बघून एकमेकींना कोपर मारायच्या. शीतलनं शिलाई घेणं बंद केलं. मशीनवर चादर टाकली.

कल्याणला हे दिसत नव्हतं असं नाही. पण त्याच आठवड्यात त्याला पुण्याहून कंपनीचा फोन आला. व्हिडिओ लोकांना फार आवडला होता. कपाळाला हळद लावलेला नवा ढब्बू काढायचं कंपनीनं ठरवलं होतं, आणि त्याचं नाव ठेवायचं होतं राघू. “नाव वापरलेलं चालेल ना सर?” पलीकडून बाईनं विचारलं. पहिला डबा सरांनाच येणार होता.

सर! केबिनबाहेर ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. घरी जाऊन बायकोला विचारावं एवढा वेळही त्यानं घेतला नाही. “बिलकुल,” तो म्हणाला. “बिलकुल चालंल.”

संक्रांतीच्या आसपास डबा आला. कल्याण काट्यावर होता, पार्सल शीतलनं घेतलं. तो घरी आला तेव्हा ती मशीनजवळ खाली बसली होती. वरचा कागद काढलेला, आणि आतला रंगीत डबा मांडीवर. डब्याखाली एक पिवळं झबलं अंथरलेलं होतं. ते तिनं सातव्या महिन्यात शिवलं होतं.

“काय लिव्हलंय, वाचा,” ती म्हणाली. दहावी झालेली बाई, तिला वाचता येत होतं.

“शीतल, मी सांगणारच होतो...”

“वाचा.”

कल्याणनं वाचलं. “राघू आला घरी.”

“आला का?”

 कल्याणच्या खिशात मोबाईल सारखा थरथरत होता. मंडळ वाट बघून राह्यलं होतं. शीतलनं डब्याच्या झाकणाला अंगठा लावला.

“उघडू?”

माणसाच्या तोंडातून आतलं निघतं, त्याला इलाज नसतो. “नको नको,” कल्याण झटक्यात म्हणाला, “उघडला की किंमत जाती!”

शीतलनं त्याच्याकडं नीट पाहिलं. मग ती उठली, झबल्यासकट डबा दोन्ही हातांवर घेतला आणि तान्हं लेकरू देतात तसा, खालून आधार देत, त्याच्या हातात ठेवला. आणि आत गेली.

 कल्याणनं झबलं मशीनवर ठेवलं, डब्याचा फोटो काढला आणि बाहेर ओट्यावर बसून ग्रुपवर टाकला. धडाधड अभिनंदनं यायला लागली. राधेश्यामनं लिहिलं, ‘कल्याणराव, आता तुम्हीच मंडळाचे अध्यक्ष.’ त्यांना उत्तरं देता देता मागचं दार वाजलं, ते त्यानं ऐकलं न ऐकलंसं केलं. बऱ्याच वेळानं आत येऊन हाक मारली, तर घरात कुणी नव्हतं. खुंटीवरची पिशवी नव्हती. मशीनवरचं झबलंही नव्हतं. जाफराबादची जीप तेव्हा निघून गेली असेल.

नवा डबा ठेवायला तो फडताळापाशी गेला. सगळे डबे जागच्या जागी होते. फक्त पहिला, राघूसाठी आणलेला, उघडा होता. आतला ढब्बू शीतल घेऊन गेली होती. इतक्या वर्षांत तो कोणत्या रंगाचा आहे हे दोघांनी पाहिलं नव्हतं, आणि आता ते तिला एकटीला कळलं होतं.

कल्याणनं तो रिकामा डबा उचलला. झाकणाच्या कडा नखानं दाबून नीट बसवल्या आणि डबा परत पहिल्या जागेवर ठेवला. चार पावलं मागं सरून त्यानं पाहिलं. बाहेरून बघणाऱ्याला बंदच वाटत होता.