पायाआधीची साफसफाई

चि. साफसूफ यास,

आशीर्वाद आहेतच, ते वेगळे लिहीत नाही. शेजाऱ्यांनी तुला हे नाव ठेवलं तेव्हा तू रागावलास. मला मात्र ते शाळेच्या दाखल्यावरच्या नावापेक्षा जास्त शोभून दिसलं. आता तुझी हकिगत सांगायची, तर तुला समोर बसवून ते जमणार नाही. तू मध्येच बोलतोस. म्हणून यापुढे तू म्हणजे ‘तो’. गुपचूप ऐक.

तो पाणीपुरवठ्याच्या कचेरीत हेडक्लार्क होता. कामाला हात घालण्याआधी तो टेबल आवरी, मग कपाट, मग शेजारच्याचं टेबल. तोवर जेवणाची सुट्टी होई. सगळी नोकरी अशी निघाली. निरोपाच्या भाषणात साहेबांनी त्याच्या नीटनेटकेपणाचं तोंड भरून कौतुक केलं, कारण दुसरं काही आठवेना.

निवृत्त झाल्यावर त्याने गावाबाहेर दोन एकर जमीन घेतली, घर बांधायला. घर हवं होतं बायकोला. ती लोकांचे कपडे शिवते. भाड्याच्या दोन खोल्यांत तिचं शिलाई मशीन न्हाणीघराच्या दाराला टेकून होतं. कुणाला आंघोळीला जायचं, तर हिने अर्धी बाही सोडून उठायचं. “एक खोली माझ्या मशीनला,” एवढंच तिचं मागणं.

“बांधू ना,” तो म्हणाला, “आधी जरा साफसूफ करू.”

जमिनीवर कमरेएवढं रान माजलं होतं. त्यासाठी त्याने जुन्या बाजारातून मागून ढकलत चालवायचं गवत कापायचं यंत्र आणलं. ते दोरी ओढून सुरू व्हायचं, आणि ओढता ओढता खांदा निखळायची वेळ यायची. त्यामुळे एकदा सुरू झालं की तो ते बंद म्हणून करत नसे. पाणी प्यायचं तेही चालता चालता. भेटायला आलेल्याने त्याच्या बाजूने चालायचं आणि ओरडून बोलायचं. घरातली खासगी बोलणी अशी चार शेतांना तोंडपाठ झाली.

“अहो, गवंडी विचारतोय, पाया कधी खणायचा?”

“ही कड झाली की.”

“मागच्या वेळी ती कड म्हणाला होतात.”

“तिकडे परत उगवलं.”

उगवणारच. पूर्वेची बाजू भुंडी होईपर्यंत पश्चिमेची गुडघ्याला लागे. त्याला याचं दुःख नव्हतं. न संपणारं काम सापडलं की माणूस कसा टवटवीत होतो, ते त्याच्या गालांवर दिसत होतं. बायकोच्या पाठीचं दुखणं तेवढं वाढत होतं.

शेवटी तिने कंबर कसली. तो दात दाखवायला गेला होता, तेवढ्यात तिने गवंड्याला बोलावलं. गवंड्याने खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली, कोपऱ्यांत लोखंडी सळया रोवल्या. गवतात खोली उमटली, उजेडाकडे खिडकीची जागा सोडून. ती तिच्यात जाऊन उभी राहिली. मशीन कुठे ठेवायचं, हात पसरून मापू लागली.

साफसूफ सुजल्या गालाने परतला. ते पाहून त्याचं मन भरून आलं. बिचारा गवंडी, असल्या गवतात काम कसं करणार? मदत म्हणून त्याने यंत्र सुरू केलं आणि सरळ चौकोनात घातलं. बायको बाजूला झाली, हातवारे करत ओरडली. पण तिच्या ओरडण्याची त्याला सवय होती. त्याने समजल्यासारखी मान डोलावली.

दोरी पात्यात गेली. खुंट्या पिल्लांसारख्या मागोमाग निघाल्या. मग सळई आडवी आली, यंत्राचा बेल्ट तुटून बाजूला पडला आणि यंत्र गचका खाऊन बंद झालं.

एकदम शांत झालं. इतकं, की लांबच्या रस्त्यावरची सायकल ऐकू आली.

“आता ऐकू येतंय का?” बायको म्हणाली. आवाज चढवायचं कारणच उरलं नव्हतं.

“येतंय.”

“उद्यापासून पाया खणायचा. तुम्ही मध्ये यायचं नाही.”

“अगं, पण गवत...”

“खणलं की तेही जाईल. मुळासकट.”

गवंडी दुसरीकडे बघत खुंट्या वेचू लागला.

भिंती उठल्या. त्यांना सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं काम बायकोने त्याच्यावर टाकलं. त्या कामात एक मोठी खोट निघाली: पाणी मारण्याआधी आवरण्यासारखं काही नसतं. तो बेचैन झाला. बेल्ट शहरातच मिळे, पण भिंती सुकत ठेवून जाणार कसा? त्याने शहरातल्या थोरल्या बहिणीला, म्हणजे मला, फोन लावला.

“ताई, दुकान तुझ्या कोपऱ्यावरच आहे. आणशील ना?”

“आणते की.”

खिडकीच्या वर भिंत गेली तेव्हा पुन्हा फोन. “दुकान बंद होतं रे.”

काल पुन्हा. छत घालायचंय, म्हणाला, तोवर निदान मागची बाजू साफ करून घेतो. दुकानदार जेवायला गेला होता, असं मी सांगितलं.

दुकानदाराने बेल्ट काढून ठेवलाय. मी रोज समोरून भाजी घेऊन जाते.