भिंतीवरची रेघ

समोरून सायकल आली की माझा अंगठा आपोआप डिपरवर जातो, तो दर्यापूर रस्त्यावरच्या एका मेकॅनिक चाचांमुळे. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही.

मोटरसायकलला पांढराफटक एलईडी बसवायला गेलो होतो. चाचांनी तो बसवला, पण गाडी द्यायच्या आधी शटर ओढून अंधार केला आणि भिंतीवर उजेड पाडला. भिंतीवर गेरूची आडवी रेघ होती. उजेड रेघेच्या वर चढलेला पाहून ते चुकचुकले, पाना घेऊन उकिडवे बसले आणि तो रेघेखाली उतरेपर्यंत हेडलाइट वाकवत राहिले.

"चाचा, इतका खाली काहून? मले लांबचं दिसलं पाह्यजे."

"तुमाले दिसन. समोरच्यालेबी दिसू द्या," ते म्हणाले. "माही पोरगी सायकलवर बसली का तिचे डोये बरोबर या रेघेवर येतेत."

गेरू ताजा होता. मी विचारलं, "कितवीत हाये पोरगी?"

"तिच्या लग्नाले दहा वर्सं झाले. अकोल्याले असते." चाचांनी शटर वर ढकललं. "बाकीच्याइच्या पोरी अजून सायकलवरच जातेत ना."