भाचीचं वाकडं अक्षर

माझ्या भाचीचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. शाळेतल्या बाईंनी निरोपच धाडला, परीक्षेपर्यंत घरच्या अभ्यासाच्या वहीतलं अक्षर सुधारलं नाही तर पोरीला वर चढवणार नाही. माझा दादा सोलापुरातल्या गिरणीत कामाला, आणि मी त्याच्याच घरी राहायला. तो जणू निमित्तच शोधत होता. म्हणाला, "वर चढली तर ठीक, न्हाय तर शाळा बंद. पोरीला काय मामलेदार व्हायचंय?" माझी शाळा अशीच दुसरीत बंद पडली होती. अंगाची नुसती लाही लाही झाली. म्हटलं, "हिच्याकडं मी बघते!"

रोज सकाळी तिला शेजारी पाटावर बसवून बोरूनं कित्ता गिरवून घेई. तेव्हा 'क' असा झोकात उतरे, की म्हणावं, पठ्ठी ती! मग मी पापड लाटायला लोकांच्या घरी जाई. संध्याकाळी येऊन तिनं दुपारी शाळा सुटल्यावर लिहिलेलं बघावं, तर अक्षरं वर चढताहेत, खाली घसरताहेत.

"मुद्दाम करतेस काय गं, भवाने?"

"न्हाय गं आत्या, आपोआप होतंय की," ती रडवेली होऊन म्हणे.

आपोआप! मी कपाळाला हात लावला.

एकदा काम लवकर आटपलं आणि मी दुपारीच घरी आले. वहिनी अंगणात राहाटावर विणकरांसाठी सूत भरत होती. आत पोर वही मांडीवर घेऊन लिहीत होती, आणि पाळण्याची दोरी तिच्या पायाच्या अंगठ्याला बांधलेली. पाय हलला की मांडी हले, मांडी हलली की अक्षर हले. पाळण्यात तान्हा भाऊ मात्र गाढ झोपलेला.

"अगं, मला सांगायचं नाही?"

"बाळ उठलं तर आईचं काम ऱ्हातंय की."

मला हसूही आलं आणि रडूही. दोरी सोडून मी माझ्या अंगठ्याला बांधली. दुसऱ्या दिवसापासून पापडाचं पीठ घरीच आणायला लागले. पाय पाळण्याला, हात लाटण्याला.

वहिनी हसायची. "वन्सं, तुमचे पापड वाकडे व्हायला लागले की!"

"होऊ देत. वाकड्या पापडाला कुणी नापास करत नाही."

निकालाच्या दिवशी पोर गल्लीच्या तोंडापासूनच ओरडत आली, "आत्या, वर चढले!" हुश्श! माझा जीव भांड्यात पडला. दादानं वही उलटसुलट करून पाहिली. म्हणाला, "बरं, पुढची पुस्तकं आणायला पायजेत."

तिला जवळ घ्यायला मी ताडकन उठले, तशी अंगठ्याची दोरी ओढली गेली आणि बाळानं भोकाड पसरलं. म्हटलं, रड बाबा, आज खुशाल रड!