नोलीनचे पाव, मारिसेलाचं मांस

नोलीन हॅलोरनला ओळखत नाही असा माणूस ब्रिस्बेनच्या उत्तरेकडच्या आमच्या बिलोईला गावात सापडायचा नाही. रग्बीच्या मैदानावरचं कॅन्टीन ती वीसेक वर्षं चालवत होती. गावातली निम्मी पोरं तिच्या हातचे सॉसेज-पाव खाऊन मोठी झाली आणि आता त्यांची पोरं खात होती. मी तिच्या समोरच्या घरात राहते. शनिवारी कॅन्टीनमध्ये कांदे परतायचं काम माझ्याकडे असायचं, कारण माझे कांदे करपत नाहीत असं ती म्हणायची. यापलीकडे तिनं माझं कधी कौतुक केल्याचं आठवत नाही.

तिचा नवरा मर्व कत्तलखान्यात कामाला होता. घरात मांसाची कधी वाण नव्हती, पण नोलीनचा स्वयंपाक म्हणजे मीठ, मिरपूड आणि वर टोमॅटो सॉस. लसूण घातली तर मर्व ताट पुढे सरकवून द्यायचा.

त्यांचा एकुलता एक मुलगा क्लिंट. खाणीतल्या मोठ्या यंत्रांवर काम करायचा. कंपनीनं त्याला दोन वर्षं मेक्सिकोत साकातेकासला पाठवलं, आणि येताना तो बायको घेऊन आला. मारिसेला तिचं नाव. ठेंगणी, रुंद खांद्यांची, बोलताना आधी हात हलवणारी आणि मग शब्द शोधणारी. नोलीनला ती पहिल्या दिवशी "दोन्या नोलीन" म्हणाली. त्यांच्याकडे मोठ्या बाईला मानानं तसं म्हणतात.

"दोन्या-बिन्या काही नको," नोलीन म्हणाली. "नुसतं नोलीन म्हण. म्हातारी झाले की सांगेन."

मारिसेलानं मान डोलावली आणि म्हणाली, "बरं, दोन्या नोलीन."

शेवटपर्यंत ती तेच म्हणत राहिली.

महिन्याभरानं मारिसेलानं सासूच्या ओट्यावर एक पिशवी उपडी केली. तिच्यातून वाळलेल्या लाल मिरच्या पडल्या, बोटभर लांब, कातड्यासारख्या चिवट. मर्वनं एक उचलून वास घेतला.

"हे ओढायचं की खायचं?"

"तुम्ही ओढा," मारिसेला म्हणाली. "आम्ही खातो."

मर्वला कुणी असं उलटं बोलत नसे. तो इतका हसला की नोलीन आतून बघायला आली.

मारिसेलानं मिरच्या गरम पाण्यात भिजवल्या आणि कांदा, लसूण, जिरं, लवंग, दालचिनी, थोडा व्हिनेगर घालून वाटल्या. मर्वनं आणलेला बैलाच्या खांद्याचा मोठा तुकडा चारी बाजूंनी लालसर भाजला, त्यावर ते वाटण ओतलं आणि सगळं नोलीनच्या जुन्या स्लो कुकरमध्ये ठेवून दिलं. त्या कुकरमध्ये तोवर फक्त मटाराचं सूप झालं होतं. सकाळी ठेवलेलं मांस संध्याकाळी चमचा लावला तरी सुटत होतं. मग दोन काट्यांनी ते ओढून त्याचे धागे-धागे केले आणि भांड्यातल्याच रसात परत कालवले. मर्वनं दोनदा घेतलं. लसणीबद्दल अवाक्षर काढलं नाही.

ते मांस कॅन्टीनमध्ये न्यायची कल्पना नोलीनची. पहिल्या शनिवारी मारिसेलानं मक्याच्या पातळ पोळ्या करून नेल्या आणि त्यांत ते गुंडाळून दिलं. आमच्या लोकांना ते खाता येईना. रस कोपरापर्यंत ओघळला, पोळी फाटली, मांस बुटांवर पडलं. लोक हसत होते, तरी एकानंही टाकलं नाही. मारिसेलाचं तोंड मात्र एवढंसं झालं.

"थांब," नोलीन म्हणाली. बेकरीतून आणलेले छोटे मऊ पाव तिच्याकडे होते. तिनं ते मधून चिरले, तव्यावर लोणी लावून शेकले, आत मांस भरलं, वर मारिसेलाचाच लिंबात मुरवलेला कांदा आणि थोडा कोबी घातला. दोन-तीन घासांत संपेल एवढंच.

मारिसेलानं एक खाऊन बघितला. बराच वेळ चावत राहिली. "माझी आई हे बघेल तर रडेल," ती म्हणाली. "पण छान आहे."

त्यानंतर दोन हंगाम आमच्या कॅन्टीनमध्ये सॉसेज कुणी मागेना. शेजारच्या मोरा आणि थांगूल गावांची माणसं आपला सामना नसला तरी गाडी घेऊन यायची. शुक्रवारी दोघी नोलीनच्या स्वयंपाकघरात असायच्या. मी समोरून हाका मारायची आणि उत्तर नाही आलं की सरळ आत जायची. मारिसेला आमची भाषा त्या ओट्यापाशीच शिकली, म्हणून ती कॅन्टीनवाल्या बाईसारखी बोलायची. एकदा चर्चमध्ये फादरनी विचारलं, "कशी आहेस?" तर म्हणाली, "मरायला वेळ नाही फादर, तुमचं काय?" नोलीनला बाकाखाली तोंड लपवावं लागलं.

नोलीनला मुलगी नव्हती. एक झाली होती, क्लिंटच्या आधी. ती आठवडाभरही जगली नाही. हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. मारिसेलाला सांगितलं.

मग खाणीतली माणसं कमी झाली आणि त्यात क्लिंटही होता. आमच्या गावात असं बऱ्याच जणांचं झालं. कुणी वर उत्तरेला गेलं, कुणी ट्रक चालवायला लागलं. क्लिंट घरी बसला. आधी संध्याकाळी प्यायचा, मग दुपारी. मारिसेला बाहेर यायची कमी झाली. शुक्रवारी यायची, पण सारखी घड्याळाकडे बघायची. नोलीन म्हणायची, "पुरुषाचं काम गेलं की असंच होतं, येईल ताळ्यावर." मीही हो म्हणायची. आम्हा दोघींना तसंच मानायचं होतं.

एका शुक्रवारी मी कांदे घेऊन गेले. मांस झालं होतं, मारिसेला ते ओढत होती. नोलीन पाव मोजत होती, ती मधेच थांबली. मारिसेलाच्या एकाच हातात काटा होता, तोही डाव्या. उजवा हात पोटाशी धरलेला, बाही बोटांपर्यंत ओढलेली. एका काट्यानं मांस ओढलं जात नाही, ते भांड्यात नुसतं फिरत राहतं. तरी ती तशीच ढकलत होती.

"हाताला काय झालं?" नोलीननं विचारलं.

"दारात सापडला."

नोलीननं तिच्या हातातून काटा काढून घेतला, दुसरा घेतला आणि सगळं मांस स्वतः ओढलं. शेवटचा तुकडा झाला तेव्हा काटे बाजूला ठेवले.

"कुठल्या दारात, मारिसेला?"

मारिसेलानं बाही आणखी खाली ओढली. मी जायला निघाले, तर नोलीन म्हणाली, "बेव्ह, तू थांब." मग तिनं सुनेची बाही वर केली. मनगट सुजून काळंनिळं झालं होतं, आणि त्यावर बोटांचे ठसे स्पष्ट होते. दार असं धरत नाही.

"मी त्याला सोडून जाऊ शकत नाही," मारिसेला म्हणाली. "मला दिवस गेलेत, दोन्या नोलीन."

नोलीन खुर्चीवर बसली. कधीपासून नातवाची वाट बघत होती ती.

"क्लिंटला माहीत आहे?"

"नाही."

"मग नको सांगू," नोलीन म्हणाली. आवाज तिचा वाटत नव्हता. "तुझ्या आईकडे जा. तिथं बाळंत हो."

आठ दिवसांनी, शनिवारी, तिनं मला कॅन्टीन सांभाळायला सांगितलं. मर्वची तब्येत बरी नाही म्हणाली. मी खोटं ओळखलं, पण विचारलं नाही. मांस दोघींनी आदल्या दिवशी करून ठेवलं होतं, नेहमीसारखं. मी पाव शेकत होते आणि त्या वेळी नोलीनची गाडी मारिसेलाला घेऊन रॉकहॅम्प्टनच्या विमानतळाकडे चालली होती. तिथून ब्रिस्बेन, आणि मग पुढे.

साडेअकराच्या सुमारास क्लिंट खिडकीपाशी आला. दाढी वाढलेली, पण शुद्धीत होता.

"मारिसेला कुठाय?"

"मला माहीत नाही रे."

"आई?"

"येईल आता."

तो हलेना. मागे रांग होती. काय करावं सुचेना, म्हणून मी त्याच्या हातात एक पाव दिला. त्यानं तो खिडकीपाशीच उभं राहून खाल्ला, बोटं चाटली आणि मैदानाच्या कडेला जाऊन बसला. ते मला आजही आठवतं. बायको त्याला सोडून चालली होती आणि तो तिच्याच हातचं खात होता.

नोलीन दुपारी परतली. गाडी लावून सरळ त्याच्याकडे गेली. मी बाहेर आले.

"मी तिला विमानात बसवून आले," ती म्हणाली.

क्लिंटला आधी कळलंच नाही. "कुणाला?"

"तुझ्या बायकोला. ती घरी गेली. तिच्या घरी."

"तू नेलंस?" तो उठला. "तू? माझी आई ना तू?"

"तिचं मनगट मोडलंयस. पुढच्या खेपेला काय मोडशील त्याची वाट बघत मी बसणार नव्हते."

तो मारतो की काय असं मला वाटलं. पण त्याचा चेहरा लहान पोरासारखा झाला. तो हळू म्हणाला, "मी तिची माफी मागितली होती. मला सांगायचं तरी." आणि चालत निघून गेला. त्यानं नोलीनला मारलं असतं तरी इतकं लागलं नसतं. तिनं आत येऊन ॲप्रन बांधला आणि उरलेले पाव विकले. मांस मी भरलं.

घरी मर्वनं विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"तू त्याला सांगितलं असतंस."

मर्वनं विचार केला. "हो," तो म्हणाला. "सांगितलं असतं." मग बरेच दिवस तो तिच्याशी कामापुरतंच बोलला.

क्लिंट पश्चिमेकडच्या खाणींत गेला. बापाला फोन करायचा. आईनं उचलला की ठेवून द्यायचा. मारिसेलाला मुलगी झाली, रेनाता. नोलीननं मर्वला ते सांगितलं आणि मर्वनं क्लिंटला, मुलगी झाली एवढंच. क्लिंटनं ते ऐकलं आणि फोन ठेवून दिला.

सुरुवातीला मारिसेला दर रविवारी फोनवर मुलगी दाखवायची. नोलीन चर्चचे कपडे न बदलता बसायची. तिकडं शनिवारची संध्याकाळ असायची, मागे माणसं, कुत्री, हसणं. रेनाता बोलायला लागली ती तिच्या भाषेत. नोलीनला कळायचं नाही, ती नुसती "हो का? हो का?" म्हणायची. पुढे मारिसेलानं दुसरं लग्न केलं. माणूस चांगला होता, मुलीला स्वतःची म्हणून वाढवत होता. साहजिकच फोन कमी झाले. महिन्यातून एकदा, मग नाताळला, मग वाढदिवसाला.

"तक्रार कसली करायची?" नोलीन मला म्हणाली. "सुखात आहे पोर. मी तिला त्यासाठीच पाठवलं होतं." मग ओटा पुसत म्हणाली, "पण बेव्ह, इतकी सुखात असेल असं नव्हतं वाटलं मला."

एकदा तिकडे जाऊन यायचं तिनं ठरवलं होतं. बॅगही आणली होती. त्याच हिवाळ्यात मर्वची डावी बाजू अर्धांगानं गेली. पुढची चार वर्षं ती त्याला भरवत होती. तो फारसं काही खायचा नाही. एक दिवस अडखळत म्हणाला, "त्या पोरीचं मांस कर." तिनं केलं, आणि काट्यांनी ओढून-ओढून इतकं बारीक केलं की चावायला लागू नये. तो खाताना रडला. आजारानं रडू लवकर येतं म्हणतात. नोलीन म्हणाली, आजार नव्हता तो.

मर्व गेला तेव्हा क्लिंट आला. केस पांढरे झाले होते. दारू सोडल्याचं लोक म्हणत होते, आणि तसं दिसतही होतं. चर्चमध्ये तो मागे उभा राहिला, शवपेटी उचलायला पुढे आला आणि पुन्हा मागे गेला. नंतर हॉलमध्ये चहा होता. नोलीननं आदल्या दिवशी स्वतःच मांस शिजवलं होतं. पावांची ताटं टेबलावर होती. लोक खात होते, मर्वच्या गोष्टी सांगत होते. क्लिंट ताटांपाशी आला, बघितलं, काही घेतलं नाही. मग आईसमोर जाऊन उभा राहिला. दहा वर्षांत पहिल्यांदा.

"मुलीचं नाव काय?"

"रेनाता," नोलीन म्हणाली. "तुझ्यासारखे कान आहेत. फोटो बघतोस? माझ्या फोनमध्ये..."

"नको."

ती फोन काढतच होती. तो म्हणाला, "आई, नको. मला बघवणार नाही." आणि तिच्या खांद्याला एकदा हात लावून बाहेर गेला. गाडी सुरू झाल्याचं आम्ही सगळ्यांनी ऐकलं. नोलीन हातात फोन धरून दाराकडे बघत राहिली. मग फादर आले, त्यांना तिनं चहा ओतून दिला.

तो परत आला नाही. फोनही नाही.

कॅन्टीन आता दुसऱ्या बायका चालवतात. त्या ते पाव करतात, पण मिरच्यांच्या जागी बाटलीतला सॉस घालतात. नोलीन तिकडे जात नाही. शुक्रवारी कधी कधी तिच्या घरून वास येतो, मग मी जाते. ती एकटीपुरतं करू शकत नाही, भांडंच मोठं आहे. आम्ही दोघी दोन-दोन पाव खातो. बाकीचं ती डब्यांत भरून फ्रीजरमध्ये ठेवते. परवा मी विचारलं, "एवढं कुणासाठी ठेवतेस गं?"

"कुणासाठी नाही," ती म्हणाली. "टाकवत नाही, म्हणून."