रिपोर्टापुरतं पथ्य

आमच्या घरात रक्त तपासायचं ठरलं की पथ्य सुरू होतं. रिपोर्ट बघून पथ्य, असं नाही. रिपोर्टाच्या आधी. माझी धाकटी जाऊ शुगरची जुनी रोगी. तपासणी जवळ आली की तिच्या ताटातला भात जायचा, आंबा जायचा, चहातली साखर जायची. दोन-तीन दिवस ताक आणि काकडी. तपासणीही नेमकी कडक उपासाच्या दुसऱ्या दिवशी. साबुदाण्याचा उपास नव्हे, त्याने आकडा चढतो हे तिला बरोबर ठाऊक होतं. निरंकार उपास. सकाळी लॅबची बाई घरी येऊन रक्त घेऊन जायची, दुपारी मोबाइलवर रिपोर्ट यायचा, आणि जाऊ स्वयंपाकघरातूनच ओरडायची, "अक्का, पास झाले!"

पास झाल्याबद्दल त्या दिवशी खुबानीचा मीठा, म्हणजे साखरेत शिजवलेले जर्दाळू. वाटीभर, वरून साय.

मी जामबागेतल्या शाळेत चौथीपर्यंत शिकले. पुढे शिकवलं नाही, मीही हट्ट केला नाही. पण परीक्षा मास्तर घेतात आणि रक्त आपलं आपल्याच अंगात राहतं, एवढं समजायला चौथीसुद्धा लागत नाही. हे मी घरात बोलले की माझा पुतण्या, म्हणजे जाऊचा मुलगा, मान हलवायचा.

"मोठीआई, तुम्हाला त्यातलं कळत नाही. रिपोर्ट नॉर्मल आहे. डेटा आहे समोर."

"डेटा नाही रे, उपास आहे तो."

तो हसायचा. मालक गेल्यापासून मी बरकतपुऱ्याला त्यांच्याच फ्लॅटमध्ये राहते, त्यामुळे माझं बोलणं हसण्यावारी नेणं सगळ्यांना सोयीचं. पुतण्या मोठ्या कंपनीत आहे. लोकांनी बनवलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका काढणं हे त्याचं काम, त्याचा पगार त्याला मिळतो. घरात मिक्सर घ्यायचा होता तेव्हा हा माणूस पंधरवडाभर मोबाइलवर लोकांची मतं वाचत होता. मग आबिड्सला जाऊन दुकानदाराला इतके प्रश्न विचारले की तो म्हणाला, "साब, मिक्सर लेना है कि शादी करना है?" चटणी वाटायच्या यंत्राला एवढी चौकशी. आईच्या औषधाला मात्र एक व्हिडिओ पुरला.

व्हिडिओत एक दाढीवाला माणूस पांढऱ्या कपड्यांत बसायचा आणि सांगायचा की शुगर हा रोगच नाही, कंपन्यांनी काढलेलं भूत आहे. कोर्रलु खा, म्हणजे आपलं राळं. पेरूच्या पानांचा काढा प्या. गोळ्या सोडा. तो डॉक्टर आहे का, असं मी विचारलं. पुतण्या म्हणाला, "डॉक्टर नाही म्हणून तर खरं बोलतो." ह्या न्यायाने मी विमान चालवायला हरकत नाही.

आता डॉक्टर लोक लुटतात, हे काही खोटं नाही. मी स्वतः पाहिलंय. पाय दुखतो म्हणून गेले तर डोक्यापासून नखापर्यंत तपासण्या लिहून दिल्या, आणि लिहिताना माझ्याकडे एकदाही वर बघितलं नाही. डॉक्टरवर माझा काडीचा विश्वास नाही. पण मी माझी बीपीची गोळी रोज घेते. गोळीला माझा विश्वास लागत नाही, पाणी लागतं. आमच्या घरात मात्र डॉक्टर चोर ठरला की दाढीवाला आपोआप साव ठरायचा. दोघेही चोर असतील, हे कुणाच्या डोक्यात येत नव्हतं.

जाऊने गोळ्या सोडल्या. काढा प्याली, राळ्याचा भात खाल्ला, आणि राळं पौष्टिक म्हणून दुप्पट खाल्लं. पुढच्या तपासणीआधी पुन्हा ताक-काकडी. पुन्हा पास. झालं, दाढीवाला खरा ठरला.

मग तिला दिसेना.

तिचा डावा डोळा लहानपणापासून अधू. आयुष्यभर सगळी कामं उजव्यावर. तो उजवा धुरकट झाला. रोज सकाळी पिशवी घेऊन एकटी काचीगुड्याला भाजीला जायची, हे तिचं सुख. सासू असताना तिला एकटीला बाहेर सोडत नसत, त्यामुळे त्या पिशवीची तिला फार मिजास. गोंगुरा, म्हणजे आपली अंबाडी, हुंगून घ्यायची, भाजीवालीशी तेलुगूत भांडायची, आणि भावात दोन रुपये सुटले की दिवसभर सांगायची. ती एक दिवस रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. ऑटोवाला शिव्या देऊन गेला. वरच्या मजल्यावरच्या बाईने हाताला धरून घरी आणलं. तेव्हापासून पिशवी खिळ्याला.

डोळ्यांच्या डॉक्टरने मोतीबिंदू सांगितला. ऑपरेशन करू म्हणाला, पण आधी तीन महिन्यांच्या शुगरची तपासणी आणा. ह्या तपासणीत मागच्या तीन महिन्यांत अंगात किती साखर राहिली ते निघतं. दोन दिवसांचं ताक तिला फसवू शकत नाही. जाऊने तरीही ताक-काकडी केलंच. सवय.

आकडा इतका वाईट आला की पुतण्याने आधी फोन उलटा करून ठेवला.

"लॅबची चूक असणार," तो म्हणाला. "मशीन नीट सेट केलेली नसते. मागच्या महिन्यात तर शुगर नॉर्मल होती."

ह्याच लॅबने पास केलं तेव्हा मशीन उत्तम होती. आता ती बिघडली. दुसऱ्या लॅबमध्ये गेले. आकडा तोच, उन्नीस-बीस. दुसरी लॅब म्हणे पहिलीच्या मालकाच्या मेव्हण्याची. हे कुणी सांगितलं, विचारलं तर, "सगळ्यांना माहीत आहे." तिसरीकडे गेले. तिसरीने सगळ्यांत जास्त दाखवला. मग लॅबा सगळ्याच डॉक्टरांशी मिळालेल्या ठरल्या.

आमच्यात साड्या घेताना बायका अशा दुकानं फिरतात. मनातला रंग मिळेपर्यंत उठायचं नाही. पण साडीवाला निदान तुम्हाला पाहिजे तो रंग ठेवतो तरी.

ह्या फिरण्यात उन्हाळा गेला. सगळा उन्हाळा गोळ्या डब्यात आणि डोळा धुरात. मी रोज गोळी तिच्यापुढे ठेवायची. ती म्हणायची, "अक्का, नक्को. किडनी खराब होते त्याने." किडनीची एवढी काळजी करणारी बाई रात्रीच्या जेवणावर दोन आंबे कापायची. मी गप्प बसले नाही. भांडले, ताट उचलून नेलं, एकदा आंब्याची पेटी शेजाऱ्यांना देऊन टाकली. त्यावर घरात दोन दिवस माझ्याशी कुणी बोललं नाही. मला त्याचं काही वाटलं नाही, शांतता बरी असते.

शेवटी पुतण्याने तोड काढली. जिथे तीन महिन्यांची शुगर मागत नाहीत असा दवाखाना शोधला. तिथे नुसता उपाशीपोटीचा रिपोर्ट चालायचा, आणि त्यात तर आमची बाई पहिल्या नंबरची. आता ऑपरेशन होणार म्हणून सगळे खूश. जाऊने खिळ्यावरची पिशवी काढून धुतली. मला सोबत नेलं, कारण पुतण्याची मीटिंग होती आणि कारमध्ये बसून तो ती करणार होता.

आत डॉक्टरीण बसली होती. वयाने लहान, बोलण्यात घाई, पण बघत होती समोर. तिने रिपोर्ट बघितला, जाऊकडे बघितलं.

"अम्मा, शुगर की गोलियाँ रोज लेते?"

"हौ. बराबर लेते," जाऊ म्हणाली. आवाजात जरासुद्धा कंप नाही.

"झूट," मी म्हटलं. "कब के छोड़ दिए इन्हों. रिपोर्ट के वास्ते उपास करते."

जाऊने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. जोरात.

"आप कौन अम्मा?" डॉक्टरिणीने विचारलं.

"जेठानी."

"फिर ठीक है," ती म्हणाली आणि हसली. "जेठानी सच बोलती." मग तिने हसणं बंद करून जाऊच्या डोळ्यात थेंब घातले, आम्हाला बाहेर बसवलं, आणि थोड्या वेळाने पुन्हा आत घेऊन लखलखीत दिव्याने डोळ्याच्या आत बराच वेळ बघितलं.

मोतीबिंदू होताच. पण खरं दुखणं त्याच्या मागे, पडद्यावर. तिथे रक्त झिरपलेलं होतं. डॉक्टरीण म्हणाली, हे आजचं नाही, महिनोन् महिने चाललंय. गेलं ते परत येणार नाही. उरलंय ते राखायचं तर डोळ्यात इंजेक्शनं घ्यायची आणि शुगर खाली आणायची, खोटी नाही, खरी. मोतीबिंदूचं नंतर बघू.

"पण मला भाजीला जाता येईल ना?" जाऊने तिला मराठीतच विचारलं. घाबरली की तिला दुसरी भाषा येत नाही. मी विचारून सांगितलं. डॉक्टरिणीने हो म्हटलं नाही.

थेंबांनी डोळ्याची बाहुली मोठी होते आणि काही तास सगळं आणखी धूसर दिसतं. तिथल्या नर्सने हे आम्हाला दोनदा सांगितलं. तरी घरी पोचेपर्यंत निकाल लागलेला होता. जाताना थोडं तरी दिसत होतं, येताना काहीच दिसत नाही. म्हणजे डोळा त्या दिव्यानेच गेला! पुतण्या म्हणाला, "आधी आणि नंतर, सरळ सरळ फरक आहे." हा त्याचा पुरावा. तीन लॅबांचे तीन आकडे हा पुरावा नव्हे. त्याने त्याच दिवशी बसून त्या दवाखान्याविरुद्ध इंटरनेटवर चांगलं लांबलचक लिहिलं. दुसऱ्या दिवशी जाऊला पुन्हा पहिल्याइतकं दिसू लागलं, तेव्हा लिहिलेलं पुसायची आठवण कुणाला झाली नाही.

"सगळं तुमच्या तोंडामुळे झालं, अक्का," जाऊ मला म्हणाली. "गप्प बसला असता तर तिने नुसता मोतीबिंदू काढला असता."

"आणि आतलं रक्त?"

"ते तिने बघितलंच नसतं ना."

बघितलं नसतं तर नसतंच, असं ज्यांचं गणित, त्यांच्याशी बोलून तोंड दुखवायचं कशाला.

पुतण्याची बायको पुण्याची. इतके दिवस ती कशातच पडली नव्हती, तिचा लॅपटॉप आणि ती. ह्या वेळी तिने सुट्टी टाकली आणि सासूला म्हणाली, "आई, चप्पल घाला." एवढंच. वाद नाही, व्हिडिओ नाही. इंजेक्शनं तिनेच करून आणली. पुतण्या घरात काढा उकळत राहिला, ते पातेलं मी घासते.

उजव्या डोळ्याचा कडेचा भाग राहिला. मधे काळा डाग आहे. माणूस आला ते कळतं, कोण आला ते कळत नाही. भाजीला आता मी जाते आणि मला गोंगुरा निवडता येत नाही, हे ती मला रोज ऐकवते.

सुनेने घरी शुगर बघायचं छोटं यंत्र आणलंय. सकाळी जाऊच्या बोटाला मी सुई टोचते, पट्टीवर थेंब घेते. आकडा तिला दिसत नाही, मला वाचावा लागतो. आजही वाचला.

"एवढा?" ती म्हणाली. "चष्मा लावून बघा, अक्का."

"लावलाय."

"काल रात्री तर मी काही खाल्लंसुद्धा नाही."

"दोन लाडू खाल्लेस. डबा मी उघडून बघितला."

मग तिने दुसरा हात पुढे केला. "ह्या बोटातून घेऊन बघा. ह्या हाताचं कमी निघेल."

पट्ट्या काही झाडाला लागत नाहीत. मी यंत्र बंद केलं, त्या पुढे केलेल्या हातावर गोळी ठेवली, आणि तिने ती गिळून तोंड उघडून दाखवेपर्यंत तिथून हलले नाही.