कमलताईंनी मोडलेली ओळ

कमलताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी कढईत भाजी टाकली होती. त्यांच्या लेकीनं "मावशी, आई गेली" एवढंच सांगितलं. भाजी करपली, घर धुरानं भरलं आणि मी आपली ओट्याशी उभी… दीड महिना झाला, अजून खरं वाटत नाही. कारंज्याच्या शाळेत त्यांनी जन्मभर मराठी शिकवलं, आणि आमची भिंतीला भिंत लागून घरं. बाईंना वृत्ताचं भारी वेड. हायवेवरच्या धाब्यावर चहाला गेलो तरी ट्रकच्या मागे रंगवलेल्या दोन ओळी कागदावर उतरवून घ्यायच्या आणि टेबलावर ग्लास आपटत लघु-गुरू लावायच्या. एकदा एक ड्रायव्हर धावत आला, त्याला वाटलं बाई चलान फाडताहेत. ताईंनी त्याला बसवून चहा पाजला आणि त्याचं यमक दुरुस्त करून दिलं.

माझ्या कविताही अशाच तपासायच्या. कौतुकाचं नाव नको. "इथं लंगडून राह्यली" म्हणून कागद परत. मला राग यायचा, पण दोन दिवसांनी मी पुन्हा त्यांच्याच दारात. माझी माय गेली तेव्हा मी खपून भुजंगप्रयातात कविता लिहिली. लघु, गुरू, गुरू, असं ओळीत चारदा. कुठं बोट ठेवायला जागा ठेवली नाही. आज तरी ताई छान म्हणतील, एवढ्या एका आशेनं गेले. त्या वाचता वाचता एका ओळीवर थांबल्या : 'कधी हाक देशील आई मला तू'.

"वृत्त चोख आहे," त्या म्हणाल्या. "पन घरी तू तिले काय म्हनत होती?"

"माय."

"मंग हे आई कोन आहे?"

मी म्हटलं, ताई, 'माय' घातलं तर गुरूच्या जागी लघु येतो, ओळ मोडते. त्यांनी माझ्याच पेनानं 'आई' खोडलं, वर 'माय' लिहिलं.

"मोडू दे," त्या म्हणाल्या. मी तिथंच त्यांच्या खाटेवर बसून पोटभर रडले. छान मात्र त्या दिवशीही म्हणाल्या नाहीत.

शाळेतल्या शोकसभेत नवं काही सुचेना, म्हणून तीच कविता वाचली. समोर त्यांचे जुने विद्यार्थी बसले होते. सगळ्यांची बोटं मांडीवर चालली होती, आणि त्या ओळीला सगळी एकदम थांबली. सभा संपल्यावर त्यातला एक, आता स्वतःच मास्तर झालेला, चाचरत जवळ आला. म्हणाला, काकू, राग नका मानू, त्या ओळीत एक अक्षर लघु पडते जी.

म्हटलं, हो रे, ते बाईंनीच तसं केलं.



"बाईनं? आमची तं एकही मोडकी ओळ सोडली नाई त्यायनं…" तो म्हणाला, आणि माझ्या हातातला कागद घेऊन ती ओळ पुन्हा बोटांवर मोजू लागला.