समासातल्या फुल्या

कॉलेजच्या ग्रंथालयात मी नाटकाच्या तिसऱ्या अंकाची स्वच्छ प्रत काढत होते, तेव्हा आईचा फोन आला. "दौलतमामाजी गेले वो..." एवढंच ती म्हणाली. समोरच्या वहीत त्या वेळी धोंडोपंत पलंगावर पडून खोकत होते. त्याला आता सहा आठवडे झाले. मला लेख लिहायची सवय नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. पण हे कुठेतरी कबूल करावं, असं वाटतं.

मामाजी आमच्या गावी, नाकाडोंगरीत, शेजारी राहायचे. आयुष्य खदानीच्या धुळीत गेलं आणि हिवाळे नाटकांत. शंभरेक वर्षांपूर्वी त्यांच्या आजोबांनी 'संगीत मरणाचे सोंग' या प्रहसनात काम केलं होतं. धोंडोपंत नावाचा एक कंजूष म्हातारा मरायला टेकल्याचं सोंग घेतो, नातेवाईक एकेक येऊन गात-रडत बसतात आणि नेमक्या तानेवर हा खोकून त्यांचं गाणं मोडतो. नाटकाचं पुस्तक कुठे मिळालं नाही. उरली होती फक्त आजोबांची नक्कल, म्हणजे त्यांच्या एकट्याच्या भूमिकेची वही. तिच्यात त्यांची वाक्यं आणि समोरच्याच्या बोलण्यातले शेवटचे दोन-तीन शब्द. चाली मात्र मामाजींच्या कानात होत्या. ते गुणगुणायचे आणि मधल्या रिकाम्या जागा मी भीतभीत भरायची. तालमीत प्रॉम्प्टरही मीच.

नकलेत शाईने अकरा ठिकाणी 'खोकतो' असं लिहिलं होतं. एका तालमीत मामाजी बाराव्या ठिकाणी खोकले. मी वाचायची थांबले.

"काहून थांबली वो?"

"मामाजी, इथं खोकला नाही लिवला."

"मंग आता लिव. आमचा बुढा विसरला असंल."

सगळे हसले. मी पेन्सिलने समासात फुली मारली.

मग फुल्या वाढत गेल्या... पहिल्या अंकात दोन, दुसऱ्यात सहा, तिसऱ्यात तर मोजणंच सोडलं. दर वेळी निराळा खोकला, आणि मला वाटायचं, केवढा नट आहे हा माणूस! एकदा दम लागून ते समाजमंदिराच्या पायरीवर टेकले आणि म्हणाले, "पोरी, बरोबर मरून राहिलो ना मी?"

"एकदम खरं वाटते, मामाजी."

ते गुडघ्यावर हात टेकून उठले. मग हसले.

मामीजींनी एकदा मला अंगणात अडवलं. "घरी बी असेच खोकलून राहिले हे. घरी कोणाले दाखवून राहिले वो?" मी हसत म्हटलं, "तालीम करून राहिले असतील." हे वाक्य माझं आहे. ते कुठल्याच वहीत नाही, तरी मला पाठ आहे.

मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, दिवशी दुपारी प्रयोग झाला. प्रत्येक खोकल्यावर मांडव हसत होता. शेवटी धोंडोपंत ताडकन उठून "अजून मी जिवंत आहे!" म्हणतात. मामाजी उठले नाहीत. मी वाक्य सांगितलं. पुन्हा सांगितलं. लोक आणखीच हसले... तिसऱ्यांदा माझा आवाज चिरकला, तेव्हा ते पलंगाची दांडी धरून उठले आणि वाक्य म्हणाले. टाळ्या थांबेनात. मी नकलेत तिथेही फुली मारली.

नवव्या दिवशी ते गेले. छातीचा फोटो त्यांनी दिवाळीतच काढला होता आणि नकलेच्या पेटीत, नकलेच्याच खाली ठेवला होता. कळलं तर पोरं नाटक थांबवतील, ही त्यांची भीती. मामीजींनी तो फोटो मला दाखवला.

आता आमच्या कॉलेजला गावच्याच मंडळींचं हे नाटक पुन्हा हवं आहे. धोंडोपंत करणार खदानीतलेच श्रावणभाऊ. मी वहीतल्या फुल्या खोडायला बसले, पण एकही खोडली नाही. श्रावणभाऊंना म्हटलं, "फक्त शाईचे अकरा. पेन्सिलच्या जागी खोकलायचं नाही."

परवाच्या तालमीत ते दुसऱ्या अंकात खोकले. तिथे शाई नव्हती, फुलीही नव्हती. सगळे हसले. पेन्सिल माझ्या हातातच होती. मी ती खाली ठेवली, वही मिटली.

"हसू नका कोणी," मी म्हटलं. "श्रावणभाऊ, हा खोकला कधीपासून आहे?"